कपलिंग कपॅसिटर प्रोसेसरजवळ की स्लॉटजवळ?

प्रश्न : आमच्या मदरबोर्डवर प्रोसेसरपासून कार्डाच्या स्लॉटपर्यंत पीसीआय एक्सप्रेसची (कार्ड जोडण्याच्या वेगवान मार्गाची) तिसऱ्या पिढीची लिंक आहे. खबरदारी म्हणून मी प्रोसेसरच्या ट्रान्समिट (पाठवणाऱ्या) आणि रिसीव्ह (घेणाऱ्या) या दोन्ही तारांच्या जोड्यांवर २२० नॅनोफॅरडचे कपलिंग कपॅसिटर (सिग्नल जाऊ देणारे, पण स्थिर व्होल्टेज अडवणारे) दिले आहेत. ते प्रोसेसरजवळ बसवावेत की स्लॉटजवळ?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी रिसीव्ह जोडीवरचे कपॅसिटर काढून टाका. पीसीआय एक्सप्रेसमध्ये कपॅसिटर ट्रान्समीटरच्या बाजूला असतात. त्यामुळे स्लॉटमध्ये बसणारे कार्ड स्वतःच्या ट्रान्समिट जोडीवरचे कपॅसिटर बरोबर घेऊनच येते. तुमचे कपॅसिटर त्यांच्याशी एकसर जोडणीत आले, की २२० आणि २२० मिळून जेमतेम ११० नॅनोफॅरड उरतात, आणि तिसऱ्या पिढीला १७६ ते २६५ नॅनोफॅरड लागतात. पहिल्या दोन पिढ्यांत ८बी/१०बी संकेतनामुळे (दर ८ बिट १० बिटांत बदलून पाठवण्याच्या पद्धतीमुळे) एकसारखे बिट सलग पाचांहून अधिक येत नसत, म्हणून १०० नॅनोफॅरडवर भागत असे. तिसऱ्या पिढीच्या १२८बी/१३०बी संकेतनात ती हमी राहिली नाही, आणि कपॅसिटर लहान पडला तर सिग्नलची आधाररेषा (ज्या मध्यपातळीभोवती तो वरखाली होतो ती) सरकू लागते.

आता ट्रान्समिट जोडी. मी स्लॉटजवळची जागा निवडेन. एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीच्या नेहमीच्या) बोर्डावर एका बिटच्या १२५ पिकोसेकंदांत सिग्नल साधारण दोन सेंटिमीटर जातो, त्यामुळे कपॅसिटर आणि कनेक्टर एकमेकांपासून लांब असले, तर त्यांच्यामध्ये मागेपुढे होणारे परावर्तन काही बिट उशिरा पोहोचून पुढच्या बिटांत मिसळते. तरीही प्रोसेसरजवळ ठेवल्याने लिंक चालणारच नाही, असे मुळीच नाही.

माझ्या मते खरे लक्ष जागेपेक्षा पॅडखाली (कपॅसिटर ज्या तांब्याच्या चकतीवर सोल्डर होतो तिच्याखाली) द्यायला हवे. ०४०२ या प्रमाणित आकाराच्या कपॅसिटरचा पॅड सुमारे अर्धा मिलिमीटर रुंद असतो, तर त्याला येऊन मिळणारा ट्रेस (बोर्डावरची तांब्याची रेघ) बहुधा त्याच्या निम्म्याहूनही अरुंद असतो. एवढा रुंद तांब्याचा तुकडा ग्राउंड प्लेनच्या (बोर्डातल्या ग्राउंडच्या सलग तांब्याच्या थराच्या) अगदी वर आला, की तेथे जास्तीची धारिता तयार होते आणि इम्पीडन्स (सिग्नलला मार्गात जाणवणारा विरोध) एकदम खाली येतो. म्हणून पॅडच्या थेट खालचा प्लेन कापून टाकावा. किती कापायचा हे थरांच्या जाडीवर अवलंबून असल्याने सिम्युलेशन करूनच ठरवावे. ०२०१ हा आणखी लहान आकार घेतला तर हा त्रास मुळातच कमी होतो. जोडीतले दोन्ही कपॅसिटर एकाच मूल्याचे, एकाच आकाराचे आणि अगदी समोरासमोर असावेत. एक पुढे आणि एक मागे सरकवून जागा वाचवण्याचा मोह टाळावा, कारण त्यातून डिफरन्शियल सिग्नलचा (दोन तारांमधील फरकाने वाहून नेलेल्या सिग्नलचा) काही भाग कॉमन मोडमध्ये (दोन्ही तारांवर सारख्याच येणाऱ्या रूपात) जातो.