पाळी जवळ आली की दमा का वाढतो?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३४, दमा कॉलेजपासून आहे. एरवी बरं असतं पण पाळीच्या तीन-चार दिवस आधी रात्री छातीत घरघर सुरू होते, खोकल्याने झोप लागत नाही, सारखा सल्ब्युटामॉलचा पंप मारावा लागतो, आणि पाळी सुरू झाली की दोन दिवसांत आपोआप ओसरतं. मिस्टर म्हणतात टेन्शन घेतेस, सासूबाई म्हणतात दही सोड. पोट दुखतं तेव्हा मेडिकलमधून गोळी आणून घेते. याचा पाळीशी खरंच संबंध असतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : असतो, ताई. हे मनाचे खेळ नाहीत. दमा असलेल्या बायकांपैकी साधारण २० ते ४० टक्के जणी हीच तक्रार सांगतात, फक्त दम्याचे डॉक्टर पाळीबद्दल विचारत नाहीत आणि पाळीच्या डॉक्टरांकडे कोणी दम्याचं बोलत नाही, म्हणून ते तसंच राहून जातं. पाळीच्या आधीच्या दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही झपाट्याने उतरतात आणि या हार्मोन्सचा श्वासनलिकेच्या सुजेवर परिणाम होतो. लहानपणी दमा मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त दिसतो, वयात आल्यावर मात्र बायकांमध्ये जास्त, तेही यामुळेच लक्षात घ्यायला हवं.

आता त्या गोळीचं बघा, मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली. पाळीच्या दुखण्यावर आपल्याकडे सर्रास मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी दिली जाते. ही, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन, सगळी एकाच घराण्यातली औषधं, आणि मोठ्या माणसांच्या दम्यात साधारण शंभरातल्या सात जणांना ती सोसत नाहीत, नाकात मांसाची वाढ असेल तर जास्तच. गोळी घेतल्यावर अर्ध्या ते तीन तासांत नाक गळायला लागतं, डोळे लाल होतात, छाती भरून येते का ते आठवा. होत असेल तर ती गोळी आजपासून बंद, आणि डॉक्टरांना नाव दाखवा. पॅरासिटामॉल नेहमीच्या डोसमध्ये बहुतेकांना चालतं. आजवर काहीच झालं नसेल तर उगाच घाबरू नका.

दोन-तीन महिने कॅलेंडरवर पाळीची तारीख, रात्री जाग आली का, पंप किती वेळा घेतला, एवढं लिहा. पीक फ्लो मीटर (फुंकरीचा जोर मोजायचं छोटं यंत्र) घेतलात तर उत्तम, सकाळ-संध्याकाळ तीनदा जोरात फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा टिपायचा. हा कागद हातात असला की डॉक्टरांना त्या दिवसांपुरता डोस वाढवायचा का, पंप बदलायचा का ते ठरवता येतं. आणि नुसत्या सल्ब्युटामॉलवर राहू नका, तो नळी तात्पुरती उघडतो पण सूज तशीच ठेवतो, म्हणूनच २०१९ पासून जागतिक मार्गदर्शनात मोठ्यांना फक्त त्याच्यावर ठेवू नये असं सांगितलंय. ही सूज कमी करणारा स्टेरॉइडचा पंप लिहून दिला असेल तर बरं वाटतंय म्हणून मधे सोडायचा नाही, त्याची सवय लागते ही भीती खोटी आहे. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप मारूनही दम कमी होत नसेल तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

दह्याने तुम्हाला स्वतःला त्रास होत नसेल तर खुशाल खा.

प्रश्न : सुनेला पाचवा महिना चालू आहे, तिला दमा आहे, बाळाला नको म्हणून आम्ही पंप थांबवलाय. बरोबर केलं ना?
– एक सासू, सातारा

उत्तर : काकू, आजच तिच्या डॉक्टरांना फोन करा आणि पंप परत सुरू करण्याबद्दल बोला. गरोदरपणात ढोबळमानाने तिघींमधल्या एकीचा दमा कमी होतो, एकीचा वाढतो, एकीचा तसाच राहतो, त्यामुळे सूनबाईंचं काय होईल हे आधी सांगता येत नाही. बाळाला त्रास पंपापेक्षा आईच्या दम्याचा जास्त, आईला ऑक्सिजन कमी पडला की बाळालाही कमी पडतो, वजन कमी भरतं, दिवस भरायच्या आधी बाळंतपण होऊ शकतं, आईचं बीपीही वाढू शकतं. ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरला गेलाय आणि सुरक्षित मानला जातो. दर महिन्याच्या तपासणीला जाताना पंप पर्समध्ये टाकून न्या आणि तो ती कसा घेते ते डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवू दे.