शिक्षकावर उठलेला हात

मूळच्या गोव्यातील पेडण्याच्या आणि आता इंग्लंडमधील स्विंडनला राहणाऱ्या एका आईने कळवले आहे, की तिच्या तेरा वर्षांच्या मुलाने मोबाइल काढून घेणाऱ्या शिक्षकाला वर्गातच ढकलले, शाळेने त्याला पाच दिवसांसाठी निलंबित केले आणि गावाहून आजोबांनी फोनवर निकाल दिला, की तिकडे छडी नाही म्हणूनच पोर असे बिघडले.

ताई, आजोबांची तळमळ खरी असली, तरी त्यांचे निदान मला पटत नाही. छडी आता गोव्यातही नाही. २००३ च्या गोवा बाल कायद्याने शाळांतील शारीरिक शिक्षेला बंदी घातली आहे. माराने वळण लावणाऱ्या घरात मूल एवढेच शिकते, की ज्याच्या अंगात जोर त्याचे खरे, आणि तेराव्या वर्षी जोर त्याच्याही अंगात येऊ लागतो. १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांच्या प्रयोगात, मोठ्या माणसाला बाहुली झोडपताना पाहिलेल्या मुलांनी ती तशीच, त्याचेच शब्द उच्चारत झोडपली होती.

तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: शिक्षकांना उत्तर देताना त्याचा इंग्रजी शब्द अडला आणि वर्ग हसला. या वयात सवंगड्यांसमोर झालेली फजिती असह्य होते आणि राग समोर उभ्या असलेल्या माणसावर निघतो. यात शिक्षकांचा दोष नाही. तुमच्या मुलाला क्षमा आहे असेही नाही.

दुसरे कारण घरात आहे. रात्री फोन मागितला की तो आरडाओरडा करतो आणि शिफ्टवरून दमून आलेले तुम्ही दोघे फोन परत देता. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांतील हेच चक्र अभ्यासले होते: आक्रस्ताळेपणाने काम होते, म्हणून तो वाढत जातो. घरी चालणारे हत्यार त्याने शाळेत काढले. तेव्हा फोन ठेवण्याची एक वेळ ठरवा आणि त्याने घर डोक्यावर घेतले तरी ती मोडू नका.

निलंबनाचे कारण मुख्याध्यापकांनी लेखी कळवणे तिथे बंधनकारक आहे. ते पत्र मुलासोबत वाचा. या पाच दिवसांचा अभ्यास शाळेकडून मागून घ्या. परतताना होणाऱ्या भेटीला दोघेही जा आणि वर्गातील हसण्याविषयी शांतपणे विचारा. माफीचे पत्र मात्र त्याला स्वतःला, त्याच्या मोडक्या इंग्रजीतच लिहू द्या. त्यातील चुका तुम्ही सुधारू नका.