कायदा ‘आमदारांवर लागू’ की ‘आमदारांना लागू’?

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने एका वाचकाने विचारले आहे की, कायदे करणारेही त्या कायद्यांना बांधील असतात हे सांगताना ‘कायदा आमदारांवर लागू आहे’ असे लिहावे की ‘आमदारांना लागू आहे’ असे, आणि ‘विशेषाधिकार’ म्हणजे कायद्यातून मिळालेली सूट असे म्हणता येईल का.

पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देता येते. प्रमाण मराठीत कायदा कोणाला तरी लागू होतो. ‘वर लागू’ ही रचना हिंदीतील ‘पर लागू’ची छाया वाटते आणि मराठी-हिंदी शेजारीशेजारी नांदणाऱ्या नागपुरात ती कानाला खटकत नाही, म्हणूनच लिहिताना अधिक जपावे लागते. ‘बंधनकारक’ या शब्दाबरोबर मात्र ‘ला’ आणि ‘वर’ दोन्ही चालतात.

दुसरा भाग अधिक गंभीर आहे, कारण तेथे चुकीचा शब्द वापरला की चुकीचा समजही पसरतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४ नुसार सभागृहात केलेले भाषण किंवा दिलेले मत यांबद्दल आमदारावर कोणत्याही न्यायालयात कारवाई करता येत नाही. संसद सदस्यांसाठी हीच तरतूद अनुच्छेद १०५ मध्ये आहे. हे संरक्षण सभागृहाचे काम निर्भयपणे चालावे यासाठी आहे, आणि म्हणूनच त्याला ‘विशेषाधिकार’ म्हणतात. त्याचा भंग झाल्यास येणाऱ्या प्रस्तावाला वर्तमानपत्रे ‘हक्कभंग’ म्हणतात. सभागृहाच्या कामाशी ज्याचा संबंध नाही, अशा कृत्याला हा शब्द लावता येत नाही. सीता सोरेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी १९९८ चा जुना निर्णय रद्द ठरवला आणि मत देण्यासाठी लाच घेणे विशेषाधिकारात बसत नाही, असे स्पष्ट केले. त्याआधी २०२१ मध्ये केरळ विधानसभेतील तोडफोडीच्या खटल्यातही आमदारांचा असाच बचाव मान्य झाला नव्हता.

याउलट राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांनुसार आमदारांना स्वतःच्या राज्यात ओळखपत्र दाखवल्यावर टोलमाफी मिळते. ही निव्वळ सूट आहे. तिला ‘आमदारांचा विशेषाधिकार’ म्हटले की तिच्यावर घटनेची मोहोर उमटल्यासारखे वाटते आणि ती का दिली, हा मतदाराचा साधा प्रश्न उगाच उद्धट ठरतो. माझ्या मते कायदे करणाऱ्यांनी सर्वांसाठीचे कायदे स्वतःही पाळलेच पाहिजेत, आणि जेथे त्यांना वगळले असेल तेथे ‘सूट’ किंवा ‘माफी’ हाच शब्द उघडपणे लिहिला पाहिजे.

म्हणून ‘हा कायदा आमदारांनाही लागू आहे’ असे लिहावे. त्यांना खरोखरच वगळले असेल, तर ‘आमदारांना या कायद्यातून सूट आहे’ असे लिहून कोणत्या कलमाने ती दिली, हेही त्याच वाक्यात सांगावे.