प्रवास, सहल आणि रात्रीची वस्ती

निपाणीच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांची सहावीतली मुलगी कन्नड माध्यमाच्या शाळेत शिकते; तिने मामाला मराठीत पत्र लिहिताना 'आमच्या शाळेचा प्रवास गोकाकच्या धबधब्याला गेला होता' असे लिहिले आणि आजीने 'प्रवास' खोडून त्याजागी 'सहल' केले. शाळेच्या सूचनापत्रात 'शैक्षणिक प्रवास' असेच छापले होते, मग माझे चुकले काय, हा मुलीचा प्रश्न आहे. सरकारी विश्रामगृहाच्या फाटकावर कन्नडमध्ये 'प्रवासी मंदिर' लिहिलेले असते, तेथे देव कोणता, ही त्याच पत्रातली दुसरी शंका आहे.

आपल्या सीमाभागात हा घोटाळा रोजचा आहे, कारण दोन्ही भाषांनी संस्कृतातून तेच शब्द उचलले आणि वेगवेगळ्या कामांना लावले. कन्नडमध्ये 'प्रवास' म्हणजे फिरण्यासाठी केलेली सफर, 'प्रवासी' म्हणजे पर्यटक आणि 'प्रवासोद्यम' म्हणजे पर्यटन व्यवसाय. एका ठिकाणाहून दुसरीकडे नुसते जाण्याला कन्नडमध्ये 'प्रयाण' म्हणतात आणि बसमध्ये बसलेला माणूस 'प्रयाणिक' असतो. मराठीत बसमधला माणूस प्रवासी, मग तो यल्लम्माला निघालेला असो की तहसील कचेरीत उताऱ्यासाठी. 'प्रयाण' आपण राखून ठेवले आहे ते मान्यवरांच्या निघण्यासाठी आणि शेवटच्या निघण्यासाठी. त्यामुळे कन्नड शेजाऱ्याने प्रेमाने 'शुभ प्रयाण' म्हटले की, मराठी म्हाताऱ्या माणसाच्या मनात क्षणभर पाल चुकचुकते.

यातला मूळ अर्थ कोणाचा, असे विचारले तर उत्तर दोघांनाही गैरसोयीचे आहे. 'प्रवास' हा शब्द प्र + वस् असा बनला असून 'वस्' म्हणजे राहणे. वास, निवास, वसती, वर्षावास हे सगळे त्याच धातूचे गणगोत. म्हणजे 'प्रवास' या शब्दात चालण्याचा किंवा जाण्याचा धातूच नाही, तर घरापासून दूर राहणे एवढाच त्याचा मूळ अर्थ आहे. याच प्र + वस् पासून 'प्रोषित' हे रूप होते आणि जिचा नवरा परगावी राहिला आहे अशा नायिकेला संस्कृत साहित्यशास्त्र 'प्रोषितभर्तृका' म्हणते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात अशा प्रवासी नवऱ्याची वाट किती पाहावी याची मुदत दिली आहे : धर्मकार्यासाठी गेला असल्यास ८ वर्षे, विद्येसाठी किंवा कीर्तीसाठी गेला असल्यास ६ आणि सुखोपभोगासाठी गेला असल्यास ३. आठ वर्षे चालणारा हा प्रवास नुसता रस्त्यावरचा नव्हे, हे उघड आहे. हिंदीने हा जुना अर्थ बराचसा टिकवला. मोहनदास गांधी ९ जानेवारी १९१५ रोजी दक्षिण आफ्रिकेतून परतले, त्या तारखेला २००३ पासून जो 'प्रवासी भारतीय दिवस' पाळतात, त्यातले प्रवासी गाडीतले नसून परदेशी स्थायिक झालेले आहेत. केरळात आखाती देशांत नोकरी करणारा माणूसही 'प्रवासी'च.

मग राहण्याच्या शब्दाला मराठीत जाण्याचा अर्थ कसा आला ? माझ्या मते याचे उत्तर जुन्या वाटचालीच्या रीतीत आहे. आगगाडी येईपर्यंत माणूस दिवसा चालत किंवा बैलगाडीत असे आणि रात्री कोठेतरी पडत असे. वाटेत किती दिवस गेले हे सांगायचे तर किती रात्री कोठे काढल्या हेच सांगावे लागे. वाटचालीचे मोजमाप मुक्कामांनी होई, म्हणून तिची नावेही मुक्कामांवरून पडली. हे एकट्या 'प्रवासा'पुरते खरे असते, तर मी त्याला योगायोग म्हटले असते. पण अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेले शब्द पाहा. 'मजल' हा शब्द 'मंझिल'वरून आला आणि त्या अरबी शब्दाच्या मुळाशी 'खाली उतरणे' ही क्रिया आहे. मंझिल म्हणजे जनावरावरून उतरून टेकण्याची जागा. आपण तिचा अर्थ दोन टेकण्यांमधले अंतर असा केला आणि 'मजल दरमजल' चालू लागलो. घराचा मजला याच कुळातला. 'मुक्काम' हा उभे राहणे, थांबणे या अर्थाच्या अरबी धातूवरून आलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहणारा खानापूर तालुक्यातला शेतकरीसुद्धा पत्रावर पत्ता लिहिताना 'मु. पो.' लिहितो, म्हणजे स्वतःच्या गावाला मुक्काम म्हणतो, हे मला नेहमी गमतीचे वाटते.

सर्वांत बोलका पुरावा मात्र देशी शब्दाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वे आपल्या मुलखात आली. गाडीत बसणाऱ्याला मराठीने नाव दिले 'उतारू'. चढणाऱ्या माणसाला उतरणारा म्हणणे वरवर उलटे वाटते. पण 'उतरणे' याचे दोन जुने अर्थ लक्षात घ्यावेत. नावेतून नदी उतरतात, आणि परगावी कोणाच्या तरी घरी किंवा धर्मशाळेतही उतरतात. आजही पाहुण्याला 'कुठे उतरलात ?' असे विचारले, तर तो बसथांब्याचे नाव सांगत नाही. ज्यांच्या घरी राहिला आहे त्यांचे सांगतो. उतारू हा शब्द आता मागे पडत चालला आहे, याचे मला वाईट वाटते.

आणि 'वस्' धातू अजून आपल्या खेड्यांतून रोज रात्री येतो. शेवटची बस ज्या गावात थांबते आणि पहाटे तेथूनच सुटते, तिला सीमाभागातली मराठी माणसे 'वस्तीची बस' म्हणतात आणि कन्नड माणसेही 'वस्ती बस'च म्हणतात. चालक-वाहक देवळाच्या कट्ट्याशेजारी किंवा पंचायतीच्या खोलीत अंथरूण टाकतात, कोणाच्या तरी घरून भाकरी-आमटीचा डबा येतो, आणि पहाटे इंजिनाच्या घरघरीने गाव जागे होते. संस्कृत अर्थाने पाहिले, तर त्या बसमधून उतरून घरी गेलेल्या लोकांचा प्रवास संपलेला असतो आणि चालक-वाहकांचा सुरू झालेला असतो.

जुना आणि नवा अर्थ एकत्र पाहायचा असल्यास विष्णुभट गोडसे यांचे उदाहरण चांगले आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी १८५७ साली दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाले, बंडात सापडले आणि दोन वर्षांहून अधिक काळ घराबाहेर राहिले. ती हकिकत १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने पुस्तकरूपात आली. त्यात चालणेही आहे आणि परमुलखात राहणेही. वाचक कोणताही अर्थ घेऊ शकतो.

'यात्रा' हा शब्द मात्र खरोखर जाण्याचा आहे, कारण तो 'या' म्हणजे जाणे या धातूवरून आला. गंमत अशी की तोच आपल्याकडे थांबून बसला. प्राकृतातून त्याची 'जत्रा' झाली आणि कन्नडमध्ये 'जात्रे'. बेळगाव-खानापूरकडच्या गावांत लक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांच्या अंतराने भरते, तेव्हा घराला रंग लागतो, माहेरवाशिणी येतात, पाहुण्यांच्या पंगती उठता उठत नाहीत, आणि 'आमची यात्रा आहे' असे सांगणारा घरधनी त्या आठ दिवसांत उंबऱ्याबाहेर पडत नाही. यल्लम्माच्या सौंदत्तीला जाणारी मंडळी तेवढी दोन्ही अर्थांनी यात्रा करतात : जातात, आणि डोंगरावर भरलेल्या यात्रेत सामीलही होतात. त्यांच्या गाठोड्यातली 'बुत्ती' हा मूळचा कन्नड शब्द, अर्थ वाटेवरची शिदोरी. आपण त्यातला दहीभात तेवढा उचलला आणि घरी पाटावर बसूनही दहीबुत्ती खाऊ लागलो.

उरला 'पर्यटन'. परि + अटन, म्हणजे सभोवार हिंडणे. भिक्षाटन, तीर्थाटन, देशाटन हे त्याचे जुने सोबती; त्या सगळ्यांत हिंडण्याला काही कारण असे. हौसेने, पैसे मोजून आणि परत येण्याचा दिवस ठरवून हिंडणे ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. इंग्रजी 'टूर'च्या मुळाशीही गोल फिरण्याचीच कल्पना असल्याने हा प्रतिशब्द चपखल बसला. १९७५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाल्यावर तो पाट्यांवरून घरोघर पोहोचला. कर्नाटकाच्या तशाच महामंडळाने, जे १९७१ चे आहे, 'प्रवासोद्यम' पसंत केले. आधुनिक पर्यटनाचा इतिहास सांगताना बहुधा इंग्लंडमधल्या थॉमस कुकपासून सुरुवात करतात. त्याने ५ जुलै १८४१ रोजी सुमारे ५०० माणसांना लेस्टरहून लफबरोला आगगाडीने दारूबंदीच्या सभेला नेले, माणशी एक शिलिंग घेऊन, आणि त्याच दिवशी परत आणले.

'त्याच दिवशी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटनविषयक आकडेवारीत पर्यटक कोणाला म्हणावे याची व्याख्या ठरलेली आहे. नेहमीच्या परिसराबाहेर, एका वर्षापेक्षा कमी काळासाठी गेलेल्या पाहुण्याने तेथे किमान एक रात्र काढली, तरच तो पर्यटक. संध्याकाळी परतला तर त्याची गणना वेगळ्या रकान्यात होते. म्हणजे मोजदादीची शास्त्रीय भाषाही अखेर 'वस्'पाशी येऊन थांबली. या व्याख्येने कुकची ती ऐतिहासिक फेरी पर्यटनात बसत नाही. तिला आजीचाच शब्द लावावा लागेल.

आता मुलीच्या वाक्याविषयी. गोकाकला घटप्रभा नदीची सुमारे ५२ मीटरची उडी आणि झुलता पूल पाहून मुले त्याच संध्याकाळी घरी आली असतील, तर 'सहल' हीच आजीची दुरुस्ती योग्य. एखादी रात्र मुक्काम केला असता, तर मूळ अर्थाने 'प्रवास' शब्दाला मी हरकत घेतली नसती. तरीही तिचे वाक्य मराठी कानाला खटकलेच असते, आणि त्याचे कारण नामापेक्षा क्रियापदात आहे. मराठीत सहल काढतात, सहल जाते, सहल परत येते. प्रवास मात्र कोठे जात नाही; तो माणूस करतो, किंवा तो होतो, घडतो. 'आमच्या शाळेची सहल गोकाकला गेली होती आणि बसचा प्रवास मजेत झाला' असे लिहिले, तर दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात. कन्नडच्या वहीत मात्र तिने 'प्रवास'च लिहावे. तेथे 'सहल' लिहून बाईंचा लाल शेरा ओढवून घेऊ नये.

फाटकावरच्या 'प्रवासी मंदिरा'त देव नाही. संस्कृतात 'मंदिर' म्हणजे मुळात घर, राहण्याची जागा. गावोगाव हिंडणाऱ्या साहेबांनी रात्री उतरावे म्हणून इंग्रजी अमदानीत असे बंगले बांधले गेले, आणि कन्नडने त्यांना दिलेल्या नावात दोन्ही शब्द जुन्या अर्थाने शाबूत राहिले : घरापासून दूर राहणाऱ्यांचे घर.