जोराच्या वाऱ्यात लेझर होडी सतत उलटते. हाताची ताकद वाढवू का?

तुम्ही लिहिलंय की कुलाब्याच्या बाजूला मुंबई बंदरात लेझर, म्हणजे एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी, शिकताय. सकाळच्या हलक्या वाऱ्यात सगळं जमतं. दुपारी वारा १५-१६ नॉटवर (ताशी सागरी मैलांवर) गेला की होडी कलते, मेनशीट (शीड ओढायचा-सोडायचा दोर) धरून धरून हात भरून येतात आणि शेवटी होडी उलटतेच. वजन ६२ किलो. आता हाताची ताकद वाढवायची की वजन, असा तुमचा प्रश्न आहे.

ताकद लागते, पण ती मांड्यांत आणि पोटात, होडीतल्या पट्ट्याखाली, म्हणजे स्ट्रॅपखाली, पाय अडकवून होडीबाहेर झुकून राहायला. हातांनी शिकायची गोष्ट वेगळी आहे: मेनशीट वेळेवर सोडणं.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. म्हणजे सकाळच्या ८ नॉटच्या मानाने दुपारी १६ नॉटला तेच शीड चौपट ओढतं. तुमचं वजन मात्र तेवढंच, आणि लेझर जेमतेम १.४ मीटर रुंद, त्यामुळे कितीही बाहेर झुकलात तरी तरफ ठरलेली. उरलेला जोर शिडातून सांडून द्यावाच लागतो. ऑलिंपिकमधले खेळाडूही तेच करतात, फक्त इतक्या सफाईने की काठावरून ते दिसत नाही.

म्हणून अपविंड, म्हणजे वाऱ्याच्या दिशेकडे, जाताना मेनशीट कायम हातात ठेवा, कुठेही अडकवून टाकू नका. पाण्याकडे बघत राहा. झोत येण्याआधी त्या बाजूचं पाणी काळपट होतं, त्यावर बारीक सुरकुत्या पडतात. तो पट्टा होडीपाशी पोचायच्या क्षणी मेनशीट हात-दीड हात सोडा आणि त्याच वेळी अंग बाहेर टाका. होडी सपाट राहिली आणि वेग पकडला की शीट परत ओढून घ्या. सोडा, झुका, ओढा. हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत बाकीचं काही शिकू नका असंच मी सांगेन. बहुतेक नवशिके होडी कलल्यावर शीट सोडतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

कललेली होडी इतकी का छळते, तेही समजून घ्या. ती कलली की आपोआप वाऱ्याकडे तोंड वळवते. तुम्ही तिला सरळ ठेवायला टिलर (सुकाणूचा दांडा) जोरात ओढता. सुकाणूचं पातं तिरपं होऊन पाण्याला आडवं येतं आणि ब्रेक लागतो. वेग गेला की पुढचा झोत तिला पुढे ढकलण्याऐवजी आडवी पाडतो. टिलर जड लागायला लागला, की तो जोर लावायचा इशारा समजू नका. होडी कललीय, शीट सोडा, एवढाच त्याचा अर्थ. सोबत नाळ (होडीचं पुढचं टोक) किंचित वाऱ्याकडे जाऊ द्या, म्हणजे शिडाची पुढची कड जराशी फडफडेल आणि जोर आणखी उतरेल. फार वर नेऊ नका, नाहीतर होडी वाऱ्यासमोर थांबेल.

आता व्हँग, म्हणजे बूमला (शिडाखालच्या आडव्या काठीला) खाली ओढून धरणारा दोर, कारण लेझरवर निम्मे घोटाळे इथेच होतात. जोराच्या वाऱ्यात व्हँग घट्ट हवा. तो सैल असेल तर शीट सोडल्यावर बूम बाजूला जाण्याऐवजी वर उचलला जातो, शिडाला फुगा येतो आणि ते आणखी ओढायला लागतं. म्हणजे सुटका करून घ्यायला गेलात आणि नेमकं उलटं झालं. कनिंगहॅमही (शिडाची पुढची कड खाली ताणणारा दोर) चांगला ताणा, त्याने शिडाचा फुगवटा पुढे सरकतो आणि वरचा भाग मोकळा होतो. आउटहॉल (शिडाचा मागचा खालचा कोपरा बूमच्या टोकाकडे ताणणारा दोर) ओढून खालचा भाग चपटा करा. हे सगळं किनाऱ्यावरच करून निघा. मात्र वरची खूण (वाऱ्याच्या बाजूचा बोया) ओलांडून वाऱ्याबरोबर वळायच्या आधी व्हँग थोडा सैल करायला विसरू नका. घट्ट व्हँग ठेवून वळलात तर बूमचं टोक पाण्यात घुसतं, मग शीट सोडली तरी शीड मोकळं होत नाही आणि होडी त्या बाजूला सरळ आडवी होते.

टॅक करताना, म्हणजे नाळ वाऱ्यातून फिरवून बाजू बदलताना, वेग हवा. झोत येऊन गेल्यावर, लाटांमध्ये जरा सपाट जागा बघून वळा. मध्येच अडकलात आणि होडी मागे सरकायला लागली तर घाबरू नका. बूम आणि टिलर दोन्ही आपल्यापासून दूर ढकला, होडी मागे जात जात वळेल. मग दोन्ही ओढून घ्या आणि निघा.

जाइबची, म्हणजे वारा पाठीशी ठेवून शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेण्याची, भीती सगळ्यांनाच असते, आणि भीतीमुळेच माणूस होडी मंदावल्यावर जाइब करतो. खरं तर होडी सगळ्यात वेगात पळत असते तेव्हाच करायचा. वाऱ्याच्याच दिशेने तुम्ही पळत असता, म्हणून शिडाला जाणवणारा वारा तेव्हा सगळ्यात कमी असतो. लाटेवरून घसरत असताना वळा, मेनशीटला एक झटका देऊन बूम आणा आणि तो डोक्यावरून जाताक्षणी टिलर उलटा फिरवून होडी सरळ करा. झटका यासाठीही की लेझरची शीट मागच्या कोपऱ्यात अडकायची खोड फार जुनी आहे. मनाची तयारी नसेल तर जाइब करूच नका, वाऱ्याकडे वळून टॅक करत गोल फिरून या. यात कमीपणा काहीच नाही. आणि वाऱ्याच्या सरळ पुढे पळताना होडी डावी-उजवीकडे डोलायला लागली तर शीट सोडू नका, हात-दोन हात आत घ्या. डाउनविंडला (वाऱ्याबरोबर जाताना) सहज सुचतं त्याच्या उलट वागायचं असतं.

तुमच्या जागेबद्दल थोडं. दुपारचा खारा वारा मुंबईत पश्चिम-वायव्येकडून येतो आणि तुमचं पाणी शहराच्या पूर्वेला आहे. म्हणजे वारा इमारतींवरून उतरून तुमच्यापर्यंत येतो, म्हणून किनाऱ्याजवळ तो कधी पडतो, कधी अचानक तडाखा देतो. बाहेर गेल्यावर तो जास्त जोराचा असला तरी एकसारखा असतो आणि शिकायला तेच बरं. पण याच वाऱ्यामुळे अडचणीतली होडी किनाऱ्यापासून दूर, जहाजांच्या वाटेकडे वाहत जाते. सेफ्टी बोट पाण्यात असल्याशिवाय एकट्याने निघू नका. वारा आणि भरती-ओहोटीचा प्रवाह समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, म्हणून भरतीचं कोष्टक बघूनच वेळ ठरवा. अंदाजात सरासरी वारा बघू नका, झोतांचा आकडा बघा. वारा चढलेला असताना थेट पाण्यात उतरण्यापेक्षा अकराच्या सुमारास निघा, म्हणजे तो तुमच्याबरोबर वाढेल आणि तुम्ही हळूहळू जुळवून घ्याल. अंगात त्राण असेपर्यंतच परत फिरा, कारण वाऱ्याविरुद्ध घरी यायचंय. पावसाळ्यात मात्र तिथे नकोच. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर होड्या समुद्रात घालायची कोळ्यांची रीत आहे, आणि त्यांना हे पाणी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

होडी उलटणार हे धरूनच चाला. हलक्या वाऱ्यात, उथळ नसलेल्या पाण्यात मुद्दाम उलटवून सरळ करायचा सराव करा. आधी मेनशीट आणि व्हँग मोकळे, मग नाळ वाऱ्याकडे वळू द्या, डॅगरबोर्डवर (होडीच्या मधून पाण्यात उतरणाऱ्या फळीवर) उभे राहून मागे झुका. वाऱ्याकडे शीड करून उचललीत तर वारा शिडाखाली घुसून ती दुसऱ्या बाजूला पाडतो. किनारा कितीही जवळ दिसला तरी होडी सोडून पोहत निघू नका. पालथी होडी लांबून दिसते, पाण्यातलं डोकं दिसत नाही. लाइफ जॅकेटला शिटी बांधलेली असू द्या.

राहिला वजनाचा प्रश्न. खाऊन वजन वाढवू नका, शीड बदला. लेझरचं (आता या होडीला आयएलसीए म्हणतात) धड एकच असतं आणि शिडं तीन: ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटर. तुम्ही बहुधा सगळ्यात मोठ्या शिडावर शिकताय, जे साधारण ८० किलोच्या माणसाला शोभतं. तुमच्या वजनाला ५.७६ चं शीड योग्य आहे, आणि १८ नॉटच्या वर वारा असेल त्या दिवशी ४.७ लावायलाही हरकत नाही. डोलकाठीचा फक्त खालचा तुकडा बदलावा लागतो. क्लबच्या शेडमध्ये हे बहुतेक पडलेलं असतं, प्रशिक्षकांकडे मागून घ्या.