अर्धे पान आणि चार ओळी

देवगड

प्रिय तरुण स्नेह्यास,
अनेक आशीर्वाद.

पक्षात राहून तो सुधारावा की बाहेर पडून वर्तमानपत्रांतून त्याच्यावर टीका करावी, असे तू विचारले आहेस. आम्ही ऐन उमेदीत बाहेर पडलो होतो. पत्रकार परिषद घेतली, चहा-भजी झाली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या राजीनाम्याच्या चार ओळी ज्या पानावर आल्या, त्याच पानाचा अर्धा भाग आम्ही ज्यांच्याविरुद्ध बोललो त्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या जाहिरातीने व्यापला होता. पक्ष आणि वृत्तपत्र ही दोन निराळी कामे नव्हेत, हे मला त्या पानाने शिकवले.

सुरुवात सभासदांच्या यादीपासून कर. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे नोंदणी करताना पक्षाला आपली घटना निवडणूक आयोगाला द्यावी लागते. ती मिळव आणि तालुका समिती कशी निवडावी हे तीत वाच. लिहिलेली असते निवडणूक, होते नेमणूक. पक्षांतर्गत निवडणुका व्हाव्यात असे आयोग सांगतो. पण नोंदणीच्या वेळी पक्षाने दिलेली हमी मोडली एवढ्यावरून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार त्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे. तेव्हा वरून कोणी येऊन हे नीट करील, ही आशा सोड.

आपल्याकडे यादीतली कित्येक माणसे मुंबईत असतात, आणि त्यांतल्या अनेकांना आपण सभासद आहोत हे ठाऊकही नसते, कारण त्यांची वर्गणी कोणीतरी ठोक भरलेली असते. गणपतीला चाकरमानी आले की वाडीवाडीत फिर. मात्र आरतीच्या वेळी राजकारण काढू नकोस, दुपारी पडवीत बसल्यावर विचार. ज्याचे नाव आहे त्यानेच वर्गणी भरली आणि सभेला येऊन इतिवृत्तावर सही केली, तर नेमणुकीचा कागद वाचताना अध्यक्षाचा आवाज थोडा उतरतो. हे मी पाहिले आहे.

वार्ताहराला नावे ठेवण्याआधी त्याचा हिशेब समजून घे. तालुक्याच्या वार्ताहराचे घर बहुधा बातमीच्या मानधनावर नव्हे, तर जाहिरातीच्या कमिशनवर चालते, आणि जाहिरात देणारा पुढारीच असतो. म्हणून त्याच्याकडे नुसते मत घेऊन जाऊ नकोस, कागद घेऊन जा. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज केलास की साधारणतः ३० दिवसांत उत्तर द्यावेच लागते. जेटीचे अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष दिलेले बिल शेजारी शेजारी ठेव, ठेकेदार आपल्याच पक्षाचा असला तरीही. खरे तर तेव्हाच, कारण विरोधकांचे कागद कोणीही काढतो.

निवडणुकीत बातमीच्या वेषात जाहिरात छापून आली, तर तारखेसह कात्रण ठेव आणि जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे लेखी तक्रार कर. प्रेस कौन्सिलकडे जायचे असेल, तर आधी संपादकाला पत्र लिहावे लागते.

बाळशास्त्री जांभेकर आपल्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्यांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, म्हणून त्या तारखेला पत्रकार दिनाचे सत्कार होतात. त्या शाली-श्रीफळांचा खर्च कोण करतो, तेही एकदा पाहून ये.

यादी हाती आली की माझ्याकडे पाठव. आपल्या वाडीतल्या मयतांच्या नावांपुढे मी खुणा करून देईन.

तुझा,
काका