अ‍ॅझिथ्रोची गोळी आणि सीमेपलीकडच्या हार्टच्या गोळ्या

निपाणीच्या ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या आप्पांचे ते दिवस आठवले. आईची अँजिओप्लास्टी कोल्हापूरला झालेली, हार्टच्या गोळ्या तिकडच्या डॉक्टरांच्या, छातीतल्या इन्फेक्शनला अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० निपाणीतल्या दवाखान्यातून, आणि मेडिकलवाला म्हणतोय, "बिनधास्त द्या ओ, काय होत नाही." हार्टच्या गोळ्यांबरोबर ही चालेल का, हा तुमचा पहिला प्रश्न. तीन दिवसांचाच कोर्स कसा, आणखी दोन गोळ्या आणू का, हा दुसरा.

मी डॉक्टर नाही. खालचं सगळं घरच्या आजारपणात विचारून-विचारून कळलेलं आहे, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी सोपं. स्वतःहून गोळ्या वाढवू नका. हे औषध शरीरातून फार सावकाश जातं, निम्मं कमी व्हायलाच साधारण ६८ तास लागतात. त्यामुळे शेवटच्या गोळीनंतरही त्याचं काम काही दिवस चालू असतं. टायफॉइडला किंवा दुसऱ्या कशाला डॉक्टर जास्त दिवस देतात, तो हिशेब वेगळा.

आता मुद्द्याचं. या जातीची तीन औषधं आपल्याकडे सर्रास दिसतात: एरिथ्रो, क्लॅरिथ्रो आणि अ‍ॅझिथ्रो. तिन्ही भाऊ असले तरी स्वभाव वेगळे. एरिथ्रो आणि क्लॅरिथ्रो यकृतातलं एक एन्झाइम अडवतात, मग त्याच वाटेने बाहेर पडणारी दुसरी औषधं रक्तात साठत जातात. कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिन-अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचं हे होतं, बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनचं होतं, आणि गाऊटच्या कोल्चिसिनचं झालं तर जिवावर बेतू शकतं. अ‍ॅझिथ्रो या बाबतीत बराच गरीब आहे. पण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवण्याचा धोका कमी-जास्त प्रमाणात तिघांतही आहे, आणि हार्टच्या पेशंटला नेमकी तीच काळजी.

आप्पांना क्लॅरिथ्रो दिलं होतं. बेळगावच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, नाही असं नाही, "कोलेस्टेरॉलची गोळी कुठली, किती पॉवरची?" घरात होत्या त्या कापलेल्या स्ट्रिपा. चार गोळ्यांचा तुकडा, चंदेरी कागदावर कातरीने अर्धवट उरलेलं "…स्टॅटिन", पॉवर आणि तारीख कापून गेलेली. डिस्चार्ज कार्ड क्लेमसाठी म्हणून दवाखान्याने ठेवून घेतलेलं, ते पलीकडच्या राज्यात. मोठा दवाखाना, नाव घेत नाही. तिथल्या रेकॉर्डच्या खिडकीवर माझा भाऊ गेला तर आज साहेब नाहीत. पुन्हा गेला तर अर्ज इंग्रजीत लिहून आणा. मग म्हणे पेशंटलाच घेऊन या. ज्या माणसाला तापाने उठवत नाही त्याला एसटीत घालून आणायचं, ते एका झेरॉक्ससाठी! तोवर इकडे औषध थांबवून ठेवता येत नव्हतं.

मग मांड्या दुखू लागल्या, जिना चढवेना. तापाने अंग दुखतंय असंच सगळे म्हणत होते. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तेव्हा रक्त तपासलं, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते) भलतंच वाढलेलं. स्नायू विरघळून किडनीवर ताण यायला लागला होता. क्लॅरिथ्रो आणि स्टॅटिन, दोन्ही गोळ्या बंद केल्या, सलाईनवर ठेवलं, निभावलं. ती झेरॉक्स मिळाली ती आप्पा घरी आल्यावर.

नंतर कळलं की भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत पेशंटने किंवा त्याच्या माणसाने मागितल्यावर कागद ७२ तासांत द्यायचे असं सरळ लिहिलंय. तेव्हा अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का मागितला की खिडकीचा आवाज आपोआप खाली येतो. आपल्या भागात हे जास्त नडतं. खानापूर, निपाणी, चिकोडी कुठलंही घर घ्या, ऑपरेशन कोल्हापूर-मिरजेला आणि ताप-खोकला इथे. इकडच्या डॉक्टरला तिकडचं दिसत नाही, तिकडच्याला इकडचं. दोष कुणा एकाचा नाही, पण खिडकीवाल्यांचा आहेच, मी मागे घेणार नाही.

तुम्ही आजच एवढं करा: आईच्या सगळ्या गोळ्यांच्या अखंड स्ट्रिपांचे फोटो, नाव आणि पॉवर दिसेल असे, दोन्हीकडच्या डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमेरॉल चालू असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते बघायची तपासणी) कधी करायचा ते विचारा. हृदयासाठीची डिगॉक्सिन असेल तर तेही सांगा. अँटिबायोटिकबरोबर पित्ताची कॅप्सूल दिली असेल तर ती नुसती पॅन्टोप्राझोल आहे की त्यात डोम्पेरिडोनही आहे ते बघा, कारण डोम्पेरिडोनही ठोक्यांच्या लयीवर परिणाम करतं. ही जोडी चिठ्ठीवर इतकी सवयीने येते की कुणी थांबून बघत नाही. पित्ताचं पातळ औषध आणि अ‍ॅझिथ्रो यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

धडधड, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा तोंड सुजलं तर वाट न बघता १०८, ती दोन्ही राज्यांत चालते. डोळे पिवळे दिसले किंवा जुलाब थांबेनात तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि त्या मेडिकलवाल्याला पुढच्या वेळी स्ट्रिपवरची लाल रेघ दाखवा, म्हणजे चिठ्ठीशिवाय देऊ नये ही खूण. साध्या सर्दीला चिठ्ठीशिवाय हीच गोळी तो रोज देत असणार. आईच्या गोळ्यांची नावं इथे लिहिलीत तर डॉक्टरांना काय विचारायचं तेवढं सांगेन, डोस मात्र मला विचारू नका.